डॉकएक्स की ओडीटी? 'ओपन' फाइल फॉरमॅटचं भांडण नेमकं कशावरून होतं

तुमच्याकडची कुठलीही डॉकएक्स फाइल, म्हणजे वर्डमध्ये सेव्ह केलेली, घ्या, तिची एक कॉपी काढा, कॉपीच्या नावातलं शेवटचं डॉकएक्स खोडून तिथे झिप असं लिहा आणि उघडून बघा. उघडते. आत तीन-चार फोल्डर दिसतात, त्यातल्या वर्ड नावाच्या फोल्डरमध्ये डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल नावाची फाइल असते, ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली की टॅगांच्या गर्दीतून तुम्ही लिहिलेली वाक्यं डोकावताना दिसतात. फाइलमधली चित्रं शेजारच्या मीडिया फोल्डरमध्ये जशीच्या तशी पडलेली असतात. आता हाच प्रयोग लिबरऑफिस या फुकट मिळणाऱ्या ऑफिस प्रोग्रामच्या ओडीटी फाइलवर करा. तिथे कंटेंट डॉट एक्सएमएल, स्टाइल्स डॉट एक्सएमएल, मेटा डॉट एक्सएमएल वगैरे मिळेल, आणि माइमटाइप नावाची एक एवढीशी फाइल मिळेल जी झिपमध्ये सगळ्यात पुढे आणि कॉम्प्रेस न करता ठेवलेली असते, म्हणजे झिप न सोडवताच ही कुठल्या जातीची फाइल आहे ते कुठल्याही प्रोग्रामला कळावं.

म्हणजे बघा, दोन्ही झिप, दोन्हींच्या पोटात एक्सएमएल, म्हणजे टॅग लावून लिहिलेला साधा मजकूर, दोन्हींचे नियम लिहिलेली पुस्तकं फुकट डाउनलोड करता येतात आणि दोन्हींवर आयएसओ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड संस्थेचा शिक्का. मग २००५ ते २००८ या काळात जगभरच्या स्टँडर्डवाल्यांनी यावरून एवढं रान का उठवलं, राजीनामे का पडले, चार देशांनी अपील का केलं? मला वाटतं ते भांडण एक्सएमएलचं नव्हतंच. स्टँडर्डने कागदाचं वर्णन करायचं, की त्या कागदाला आजवर उघडत आलेल्या एका ठराविक प्रोग्रामच्या सवयींचं वर्णन करायचं, हा खरा मुद्दा होता आणि तो अजून मिटलेला नाही.

जरा मागे जाऊ. जुनी डॉट डॉक फाइल आठवत असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडली की नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसायची. ती बायनरी फाइल, म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीत जे जसं मांडलेलं असेल ते जवळजवळ तसंच डिस्कवर ओतलेलं. ते मुद्दाम लपवाछपवीसाठी केलेलं होतं असं काही लोक म्हणतात, मला ते पटत नाही, त्या काळात मशीन एवढी कमजोर असायची की फाइल पटकन उघडणं आणि पटकन सेव्ह होणं हीच मोठी गोष्ट होती. वर्डमध्ये 'फास्ट सेव्ह' नावाची सोय होती, ती पूर्ण फाइल पुन्हा लिहायची नाही, फक्त बदल शेवटी चिकटवायची, त्यामुळे तुम्ही खोडलेला मजकूर फाइलच्या पोटात तसाच राहायचा. सोय वेगासाठी केलेली होती, पण परिणाम असा झाला की ती फाइल नीट समजून घ्यायची तर वर्ड हाच एक रस्ता उरला. बाकीच्यांनी अंदाज बांधत, फाइली उसवत, एकेक बाइट ताडून बघत तिचा अर्थ लावला आणि तो नेहमी थोडा चुकायचा.

आता हे एखाद्या खाजगी पत्रापुरतं असतं तर ठीक होतं. पण कायदे, निकाल, जमिनीच्या नोंदी, संशोधन, परीक्षांचे निकाल, सगळं या फाइलींमध्ये जायला लागलं. पन्नास वर्षांनी हे कोण उघडणार? कागद लोकांचा आणि तो वाचायची चावी एका कंपनीकडे, हे बरोबर नाही, एवढी साधी गोष्ट होती.

त्यातून ओडीएफ, म्हणजे ओपनडॉक्युमेंट फॉरमॅट, आलं, ओडीटी ही त्यातलीच मजकुराची फाइल. जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन नावाच्या कंपनीचं स्टारऑफिस होतं, ते १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतलं आणि २००० मध्ये त्याचा सोर्स कोड खुला केला, तेच ओपनऑफिस. त्याचा स्वतःचा एक्सएमएल फॉरमॅट होता, तो पाया धरून २००२ च्या डिसेंबरात ओॲसिस या स्टँडर्ड बनवणाऱ्या संस्थेत एक समिती बसली आणि मे २००५ मध्ये ओडीएफ १.० मंजूर झालं. पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, तेच आयएसओ २६३०० म्हणून आलं. पुस्तक सातशे पानांच्या आसपास. त्यांनी शक्य तिथे आधीची स्टँडर्ड वापरली, गणितासाठी मॅथएमएल, चित्रांसाठी एसव्हीजीची पद्धत, लेखकाचं नाव-तारीख वगैरेसाठी डब्लिन कोअर. म्हणजे ज्याला यातलं एक काही आधीच येतं त्याला सगळं पुन्हा शिकायला नको.

आणि मग अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य मध्ये आलं. २००५ च्या सप्टेंबरात त्या राज्याच्या आयटी खात्याने ठरवलं की जानेवारी २००७ पासून सरकारी कागदपत्रं ओडीएफ किंवा पीडीएफमध्ये ठेवायची. खळबळ उडाली. खात्याचे प्रमुख पीटर क्विन यांच्यावर एवढी टीका झाली की वर्ष संपता संपता त्यांनी राजीनामा दिला. पण या विरोधातला एक मुद्दा अगदी रास्त होता, तो नीट सांगितला पाहिजे. अंध आणि अपंग कर्मचारी जे स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्राम) वगैरे वापरत होते ते तेव्हा मुख्यतः मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबरच नीट चालायचे, ओडीएफ वापरणाऱ्या प्रोग्रामांबरोबर नाही. फॉरमॅट खुला झाला आणि त्याच वेळी ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी कागद बंद झाला तर त्या खुलेपणाचा काय उपयोग? या टीकेमुळे ओडीएफवाले कामाला लागले आणि फेब्रुवारी २००७ मधलं ओडीएफ १.१ मुख्यतः याच त्रुटी भरून काढायला आलं. माझ्या मते त्या सगळ्या वादातून निघालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट.

इकडे मायक्रोसॉफ्टने बघितलं की सरकारं आता 'ओपन स्टँडर्ड' हा शब्द टेंडरमध्ये लिहायला लागली. २००५ च्या नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केलं की ऑफिसचा नवा एक्सएमएल फॉरमॅट एक्मा या स्टँडर्ड बनवणाऱ्या संस्थेकडे देतो. त्याचं नाव ऑफिस ओपन एक्सएमएल, डॉकएक्स ही त्यातलीच. हे नाव ओपनऑफिसच्या एवढं जवळ आहे की आजही लोक ओपन ऑफिस एक्सएमएल असं उलटं म्हणतात आणि नवशिक्या माणसाला हे दोन्ही एकच वाटतं. डिसेंबर २००६ मध्ये ते एक्मा ३७६ म्हणून मंजूर झालं. पुस्तकाची पानं सहा हजारांहून जास्त!

सातशे आणि सहा हजार. हा आकडा त्या वेळी दोन्ही बाजूंनी दगडासारखा वापरला. एक म्हणे एवढं जाड पुस्तक कोण वाचणार आणि कोण त्यावरून प्रोग्राम लिहिणार, दुसरा म्हणे तुमचं पुस्तक बारीक आहे कारण त्यात अर्ध्या गोष्टी लिहिलेल्याच नाहीत. दोघांचंही काही अंशी खरं होतं.

आधी जाड पुस्तकाबद्दल. एक्माच्या समितीला काम दिलं होतं ते असं की मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या फॉरमॅटशी पूर्णपणे जुळणारं स्टँडर्ड तयार करा. म्हणजे सगळ्यात चांगला फॉरमॅट कुठला हा प्रश्नच नव्हता, जे आहे ते लिहून काढायचं होतं. आणि त्यामागे एक कारण होतं जे मी हलक्यात घेणार नाही. जगात वर्ड आणि एक्सेलच्या प्रचंड फाइली आधीच पडलेल्या होत्या, त्या नव्या फॉरमॅटमध्ये नेताना एकही गोष्ट हरवू नये ही मागणी काही चुकीची नाही. त्या समितीत ब्रिटिश लायब्ररी आणि अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस पण होत्या, आणि ज्यांचं कामच जुनं जपायचं आहे त्यांना नव्या सुंदर फॉरमॅटपेक्षा जुनी फाइल न बिघडता पुढे जाणं जास्त महत्त्वाचं वाटलं तर ते समजण्यासारखं आहे.

पण 'जे आहे ते लिहून काढायचं' म्हटल्यावर काय काय लिहिलं गेलं बघा. त्या पुस्तकात काही सेटिंग आहेत ज्यांची नावं मराठीत सांगायची तर 'वर्ड ९५ सारखी जागा सोड', 'तळटीपा वर्डच्या आठव्या व्हर्जनसारख्या मांड', 'अक्षरांची उंची वर्डपरफेक्ट ६ सारखी छाट'. नाव आहे, पण वर्ड ९५ नेमकी कशी जागा सोडायचं ते पहिल्या पुस्तकात धड सांगितलेलंच नव्हतं, उलट त्या जुन्या प्रोग्रामचं वागणं बघून घ्या अशा अर्थाचा सल्ला होता. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं, कारण स्टँडर्डचं एकमेव काम हे की फक्त ते पुस्तक हातात असलेल्या अनोळखी माणसाला तीच फाइल तशीच दाखवणारा प्रोग्राम लिहिता यावा. त्याला वर्ड ९५ शोधत फिरावं लागत असेल तर ते पुस्तक अपुरं आहे, ते सहा हजार पानांचं असलं तरी.

आणि मग ती १९०० सालची गोष्ट. एक्सेलमध्ये तारीख ही आतमध्ये नुसता एक आकडा असते, १ जानेवारी १९०० म्हणजे १, २ जानेवारी म्हणजे २, असं करत करत २ सप्टेंबर २००७ म्हणजे ३९३२७. सेलला तारखेचा फॉरमॅट लावलेला असतो म्हणून आपल्याला तारीख दिसते, नाहीतर आकडाच. आता १९०० हे लीप वर्ष नव्हतं, शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही. पण लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामने ते लीप वर्ष धरलं होतं आणि एक्सेल आलं तेव्हा लोटसच्या फाइली त्यात नीट चालाव्यात म्हणून एक्सेलने तीच चूक मुद्दाम घेतली. त्यामुळे एक्सेलमध्ये ६० हा आकडा म्हणजे २९ फेब्रुवारी १९००, जो दिवस कधी उगवलाच नाही. त्यामुळे १ मार्च १९०० च्या आधीचे वार पण एका दिवसाने चुकतात.

एका प्रोग्राममध्ये ही चूक असणं मी समजू शकतो, आणि जुन्या फाइलींसाठी ती सांभाळणं पण समजू शकतो. पण आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या मसुद्यात लिहायचं की या स्टँडर्डनुसार १९०० ला लीप वर्ष माना? जे जगभरच्या कॅलेंडरच्या विरुद्ध आहे, आणि तारखा कशा लिहायच्या याचं आयएसओचंच आयएसओ ८६०१ हे स्टँडर्ड असताना? ओडीएफमध्ये तीच तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सरळ २००७-०९-०२ लिहिलेली असते, उघड्या डोळ्यांनी वाचता येते. गंमत वाटेल पण लिबरऑफिसलाही त्या जुन्या चुकीशी जुळवून घ्यावं लागलंय. त्याची तारखांची मोजणी नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० डिसेंबर १८९९ ला शून्य धरते, कारण शून्य तिथे ठेवला की १ मार्च १९०० पासून पुढचे सगळे आकडे एक्सेलशी बरोबर जुळतात आणि तो नसलेला दिवसही मोजावा लागत नाही.

असंच अक्षरांच्या मापाचं. तुम्ही १२ पॉइंटचा फॉन्ट ठेवला तर ओडीएफच्या फाइलमध्ये १२पीटी असंच लिहिलेलं सापडतं, डॉकएक्समध्ये २४ सापडतं कारण तिथे अर्ध्या पॉइंटमध्ये मोजतात. समास मात्र पॉइंटच्या विसाव्या भागात, म्हणजे एका इंचाचे १४४०. आणि चित्राची रुंदी अजून तिसऱ्याच मापात, एका सेंटिमीटरला ३,६०,००० आणि एका इंचाला ९,१४,४००. हे शेवटचं माप मात्र डोकं चालवून निवडलंय, इंच आणि सेंटिमीटर दोन्ही त्यात पूर्णांकात बसतात, अपूर्णांकाची भानगडच राहत नाही. पण एकाच कागदात तीन मापं का, तर त्या प्रोग्रामचे तुकडे वेगवेगळ्या काळात बनले म्हणून. फाइल वाचताना तुम्ही कागद वाचत नसता, त्या प्रोग्रामचा इतिहास वाचत असता.

आता बारीक पुस्तकाबद्दल, कारण ओडीएफचं नुसतं कौतुक करायचं तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. ओडीएफ १.० आणि १.१ मध्ये स्प्रेडशीटचा फॉरमॅट होता पण सेलमध्ये फॉर्म्युला नेमका कसा लिहायचा, कुठलं फंक्शन काय उत्तर देईल, हे ठरवलेलंच नव्हतं. स्प्रेडशीट म्हणजे फॉर्म्युले, तेच नाहीत तर उरतो नुसता तक्ता! ही भोक पडलेली जागा एवढी मोठी होती की २००९ च्या एप्रिलमध्ये ऑफिस २००७ ला सर्व्हिस पॅक २ आला आणि त्यात ओडीएफ १.१ ची सोय आली, तेव्हा ओपनऑफिसमध्ये केलेली शीट एक्सेलमध्ये उघडली की फॉर्म्युले गायब होऊन फक्त शेवटची उत्तरं उरायची. लोक चिडले, मुद्दाम केलं म्हणाले, पण पुस्तकात फॉर्म्युल्याबद्दल नियम नसताना नियम मोडला असं तरी कसं म्हणणार? दोन्ही प्रोग्राम स्टँडर्डप्रमाणे बरोबर आणि वापरणाऱ्याची शीट मेली. ओपनफॉर्म्युला नावाने हे नियम शेवटी ओडीएफ १.२ मध्ये आले, ओॲसिसमध्ये २०११ ला आणि आयएसओमध्ये २०१५ ला. फार उशीर झाला. एक्सेलच्या बाजूच्या त्या जाड पुस्तकात फंक्शनची यादी पहिल्यापासून होती, त्यात चुका होत्या पण होती.

मतदानाचा भाग मी जरा भराभर सांगते, कारण त्यावर खूप तावातावाने लिहिलं गेलंय. एक्माने आपलं स्टँडर्ड आयएसओकडे फास्ट ट्रॅकने पाठवलं, म्हणजे जे आधीच तयार आहे ते देशांनी पाच महिन्यांत वाचून मत द्यायचं. सहा हजार पानांसाठी पाच महिने. मतदान २ सप्टेंबर २००७ ला संपलं आणि प्रस्ताव पडला, मुख्य सदस्य देशांपैकी दोन तृतीयांश बाजूने हवे होते तिथे ५३ टक्केच आले, आणि एकूण विरोध २५ टक्क्यांच्या आत हवा होता तो २६ टक्के झाला. मतदानाच्या आधीच्या थोड्या काळात बरेच देश अचानक मुख्य सदस्य झाले होते आणि त्यातल्या बहुतेकांनी बाजूने मत दिलं होतं. स्वीडनच्या संस्थेला स्वतःचंच मत रद्द करावं लागलं कारण एका सदस्याने एकापेक्षा जास्त मतं टाकली होती. दुसऱ्या बाजूलाही काही निव्वळ समाजसेवा चालू नव्हती, आयबीएम आणि सन यांचे स्वतःचे धंदे त्यात गुंतलेले होते आणि तेही देशोदेशीच्या समित्यांमध्ये पूर्ण जोर लावत होते.

देशांनी साडेतीन हजारांवर हरकती पाठवल्या. त्या एकसारख्या हरकती एकत्र करून हजारभर उरल्या आणि २००८ च्या फेब्रुवारीच्या शेवटी जिनिव्हामध्ये पाच दिवसांची बैठक झाली. पाच दिवसांत हजार मुद्दे! बहुतेकांवर चर्चा झालीच नाही, उरलेल्यांवर कागदावर एकगठ्ठा मतं घेतली. त्यानंतर देशांना मत बदलायला मुदत मिळाली आणि एप्रिल २००८ च्या सुरुवातीला जाहीर झालं की प्रस्ताव पास, मुख्य सदस्यांपैकी ७५ टक्के बाजूने. भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला यांनी अपील केलं, ऑगस्टमध्ये ते फेटाळलं आणि नोव्हेंबरमध्ये आयएसओ २९५०० छापून आलं. नॉर्वेच्या समितीतले १३ जण त्याच वर्षी या सगळ्याच्या निषेधात बाहेर पडले.

ती घाई मला अजूनही खटकते. पण त्या घाईतही जिनिव्हामध्ये एक खरोखर मोलाची गोष्ट झाली, आणि सामान्य वापरणाऱ्याला तिचा पत्ताच नाही. त्या स्टँडर्डचे दोन भाग केले गेले. एक स्ट्रिक्ट, म्हणजे काटेकोर, ज्यात ती वर्ड ९५ वाली सेटिंग नाहीत, जुनी व्हीएमएल चित्रं नाहीत, १९०० चा घोळ नाही. दुसरा ट्रान्झिशनल, म्हणजे संक्रमणापुरता, ज्यात हे सगळं जुनं सामान ठेवलं, ते फक्त आधीच्या फाइली पुढे आणण्यासाठी. शिवाय 'वर्ड ९५ सारखी' म्हणजे कशी याचं वर्णनही बऱ्याच ठिकाणी लिहिलं गेलं. अपेक्षा सरळ होती, जुनं सगळं ट्रान्झिशनलमध्ये येईल, नवीन फाइली स्ट्रिक्टमध्ये बनतील आणि हळूहळू ट्रान्झिशनल संपेल. अनेक देशांनी याच भरवशावर मत दिलं.

ऑफिस २०१० आलं. ते स्ट्रिक्ट फाइल वाचू शकत होतं पण लिहू शकत नव्हतं. जिनिव्हाच्या बैठकीचे अध्यक्ष असलेले अॅलेक्स ब्राऊन, जे काही मायक्रोसॉफ्टचे विरोधक नव्हते, त्यांनीही तेव्हा जाहीरपणे लिहिलं की कंपनी या परीक्षेत नापास झाली. ऑफिस २०१३ मध्ये स्ट्रिक्ट लिहायची सोय आली. पण सेव्ह दाबल्यावर आपोआप बनते ती फाइल ट्रान्झिशनलच राहिली. म्हणजे तुम्ही आज नवी कोरी फाइल काढली, ज्यात जुनं काहीही नाही, तरी ती 'जुन्या फाइलींसाठी तात्पुरत्या' ठेवलेल्या नियमांनीच लिहिली जाते.

आता नेहमीचा प्रश्न. दोन्ही ओपन आहेत, दोन्ही एक्सएमएल आहेत, मग एकातून दुसऱ्यात नेताना फाइल का विस्कटते? मी स्वतः शंभरावर पानांचा एक अहवाल असा दोन प्रोग्रामांमधून चारपाच वेळा इकडून तिकडे फिरवलाय आणि शेवटी पानांचे नंबर, हेडर आणि तक्ते हाताने बसवत दोन रात्री घालवल्यात, त्यामुळे या प्रश्नाने माझा जीव खाल्लाय. याचं उत्तर असं की दोघांची कागदाची कल्पनाच वेगळी आहे. वर्डमध्ये पानाचा आकार, समास, हेडर-फुटर हे सगळं 'सेक्शन'ला चिकटलेलं असतं आणि त्याची माहिती सेक्शनच्या शेवटी, शेवटच्या परिच्छेदाच्या पोटात लिहिलेली असते. ओडीएफमध्ये सेक्शनऐवजी पानाची स्टाइल असते, तिला नाव असतं, आणि परिच्छेदाची स्टाइल सांगते की माझ्यापासून पुढे अमुक पानाची स्टाइल सुरू. आता एका भाषेत 'इथपर्यंत असं होतं' आणि दुसऱ्या भाषेत 'इथून पुढे असं' हे भाषांतर करायचं, ते साध्या पत्रात जमतं पण मध्येच आडवं पान, पहिल्या पानाला वेगळं हेडर, मग पुन्हा नंबर एकपासून, असं झालं की घसरतं.

ट्रॅक चेंजेसचं, म्हणजे फाइलमध्ये केलेली खोडाखोड नोंदवून ठेवायच्या सोयीचं, तसंच. डॉकएक्समध्ये खोडलेलं वाक्य जिथे होतं तिथेच राहतं, फक्त 'हे खोडलंय' अशी टॅग त्याच्याभोवती येते. ओडीएफमध्ये खोडलेला मजकूर उचलून फाइलच्या सुरुवातीच्या एका यादीत ठेवतात आणि मूळ जागी फक्त खूण राहते. ओडीएफची ही पद्धत साध्या बदलांना ठीक आहे पण तक्त्यातली ओळ वाढवली, स्टाइल बदलली असले बदल नोंदवायला ती तोकडी पडते, इथे वर्डचा फॉरमॅट उजवा आहे हे मान्य करायला हवं.

आणि निम्म्या वेळेला तर दोष फॉरमॅटचा नसतोच, फॉन्टचा असतो. ऑफिस २००७ पासून वर्डमध्ये आपोआप येणारा फॉन्ट कॅलिब्री होता, तो समोरच्याच्या मशीनवर नसेल तर दुसरा लागतो, अक्षरांची रुंदी किंचित बदलते, ओळ तुटायची जागा सरकते, आणि साठ पानांची फाइल बासष्ट पानांची होते. म्हणूनच कार्लिटो आणि लिबरेशनसारखे फॉन्ट बनवले गेले, दिसायला वेगळे पण प्रत्येक अक्षराची रुंदी अनुक्रमे कॅलिब्रीशी आणि एरियल, टाइम्स न्यू रोमनशी तंतोतंत जुळणारी. फाइल बिघडली म्हणून ओरडण्याआधी हे फॉन्ट आहेत का बघा, निम्मं दुखणं तिथेच बरं होतं.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी यात अजून एक गोष्ट आहे जी मला फार उशिरा कळली. दोन्ही फॉरमॅटमध्ये देवनागरी, अरबी, हिब्रू वगैरे लिप्यांना 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' म्हणून वेगळा कप्पा आहे. त्यांचा फॉन्ट वेगळा लिहिलेला असतो, मापही वेगळं, ठळक-तिरकंसुद्धा वेगळं. म्हणजे एकाच वाक्यात रोमन अक्षरांचं माप १२ आणि देवनागरीचं १० असं फाइलमध्ये शेजारी शेजारी लिहिलेलं असू शकतं. फाइल दुसरीकडे उघडल्यावर मराठी मजकूर अचानक बारीक झाला किंवा ठळकपणा गेला आणि इंग्रजी मात्र जसंच्या तसं राहिलं, असं झालं असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी एकाच कप्प्यात बदल केलेला असतो. स्टाइलमध्ये जाऊन दोन्ही कप्पे भरायचे, नुसतं मजकूर निवडून वरवर माप बदलायचं नाही.

पुढे काय झालं तर २०१० मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस वेगळं झालं, ब्रिटनच्या सरकारने जुलै २०१४ मध्ये ठरवलं की नागरिकांबरोबर ज्या फाइलींमध्ये फेरफार करायचेत त्या ओडीएफमध्ये आणि ज्या फक्त वाचायच्यात त्या पीडीएफ किंवा एचटीएमएलमध्ये. हा फरक मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण बहुतेक वेळा आपण समोरच्याला एडिट करायला फाइल देतच नसतो, त्याला फक्त वाचायचं असतं, आणि तरी डॉकएक्स पाठवतो. कायमसाठी जपून ठेवायचं असेल तर पीडीएफ-ए नावाचं वेगळं आयएसओ स्टँडर्ड २००५ पासून आहे, त्यात फॉन्ट फाइलच्या आतच ठेवावे लागतात, त्यामुळे ती ओळ सरकण्याची भानगडच उरत नाही. लिबरऑफिसमध्ये पीडीएफ एक्सपोर्ट करताना त्याची चौकट असते, एक टिक मारायची.

आणि वर्ड वापरत असाल तर सेव्ह अॅज उघडून फाइलच्या प्रकारांची यादी जरा खालपर्यंत बघा. नेहमीचं वर्ड डॉक्युमेंट सगळ्यात वर असतं. बरंच खाली 'स्ट्रिक्ट ओपन एक्सएमएल डॉक्युमेंट' अशी एक ओळ दिसेल. जिनिव्हामध्ये पाच दिवस बसून जे वेगळं काढलं होतं ते हेच, आणि त्याच्याही खाली, ओपनडॉक्युमेंट टेक्स्ट म्हणून, ओडीटी पण आहे.